शिट्टी आणि शील

शाळेच्या स्मरणिकेत क्रीडाविभागाचे पान म्हणजे बहुधा विजयांची यादी असते. कोणत्या वर्षी कोणता संघ तालुक्यात पहिला आला, कोण जिल्ह्याला गेले, कोण विभागापर्यंत पोहोचले, हे सारे या अंकात इतरत्र छापलेले आहेच, आणि त्या यादीचा आम्हांलाही अभिमान आहे. संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला तेव्हा मात्र आम्हांला त्या यादीत न बसणारी एक गोष्ट लिहावीशी वाटली. मैदानावर उतरलेले मूल धडधाकट अवस्थेत वसतिगृहात परत यावे, यासाठी जे नियम असतात आणि ते नियम राखणारा जो पंच असतो, त्यांच्याविषयी हा लेख आहे. बौद्ध संस्थेने चालवलेल्या निवासी शाळेत हा विषय केवळ खेळाचा राहत नाही, असे आमचे अनुभवान्ती मत झाले आहे.

प्रथम आमच्या मैदानाविषयी. पिंपळनेर हे साक्री तालुक्याच्या पश्चिम भागातले गाव. पांझरेचे पाणी, लाटीपाड्याचे धरण, मावळतीला चढत जाणारे डोंगर आणि त्या डोंगरांतले पाडे, हा आमचा परिसर. आमची मुले या पाड्यांतून आणि आसपासच्या खेड्यांतून येतात. कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या घरी कोकणी, कोणाच्या घरी भिलाऊ. दिवाळी आटोपली की यांतल्या कित्येकांचे आईवडील कोयते घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागल्यावरच परततात. शालेय क्रीडास्पर्धा तालुक्यापासून सुरू होऊन जिल्हा, विभाग आणि राज्य अशा वर चढतात. त्यांचा महत्त्वाचा काळ नेमका आईवडिलांच्या स्थलांतराच्या सुमारास येतो. त्यामुळे मैदानावर मुलाचा खांदा निखळला तर घरचे माणूस धावून येईल अशी स्थितीच नसते. मोठ्या उपचारासाठी धुळ्याचे शासकीय रुग्णालय गाठायचे, तर ते साक्रीच्याही बरेच पुढे आहे. अशा ठिकाणी खेळाची सुरक्षितता ही पुस्तकातली बाब राहत नाही. ती आमच्यावर सोपवलेली ठेव असते.

आमचे मुख्य खेळ दोन : कबड्डी आणि खो-खो. दोन्ही मातीतले आणि बिनखर्चाचे, म्हणूनच गरिबाच्या मुलाला जवळचे. हे खेळ जुने असले तरी त्यांचे लिखित नियम तुलनेने अलीकडचे आहेत. खो-खोच्या नियमांना पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ मध्ये आकार आला. कबड्डी तर गावोगाव निराळी होती. संजीवनी प्रकारात बाद झालेला गडी पुन्हा उठे, गामिनीत तो बसूनच राही आणि अमर प्रकारात बाद झाला तरी मैदान सोडत नसे. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये या खेळाला नियमांची चौकट दिली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तेथे या खेळाचे प्रात्यक्षिक घडवले. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पदकाचे स्थान मिळाले. या साऱ्या प्रवासात नियमांनी काय साधले, असे मुले विचारतात. आमचे उत्तर असे की, नियम नव्हते तोवर माणूस फक्त आपल्या गावच्या माणसाशी खेळू शकत होता. नियम आले आणि अनोळखी माणसाशी, त्याला शत्रू न मानता झुंजता येऊ लागले.

नियमपुस्तिका नीट वाचली तर त्यातला मोठा भाग गुणांविषयी नसून शरीराविषयी आहे, असे लक्षात येते. खेळाडूची नखे कापलेली असावीत. अंगावर दागिना नसावा. अंगाला तेल किंवा निसरडा पदार्थ चोळलेला नसावा. मैदान सपाट आणि मऊ असावे. चढाई करणाऱ्याचा दम तुटावा म्हणून त्याचे तोंड दाबू नये. पायांची कात्री घालून त्याला धरू नये. इजा होईल अशी हिंसक पकड करू नये. धरायचे ते हातपाय आणि धड. केस किंवा कपडे नव्हेत. लहान गटांना वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. पंचेचाळीस किलोच्या मुलावर सत्तर किलोचा गडी कोसळू नये, हाच त्यामागचा साधा विचार. खो-खोत खांब गुळगुळीत असावा आणि त्याच्या माथ्याला धारदार कड नसावी, असे नियमच सांगतो. कारण धावता धावता खांबाचा आधार घेऊन झेपावणाऱ्या मुलाची छाती आणि हनुवटी त्या माथ्याच्या अगदी जवळून जात असते.

हे सारे पाहायला कबड्डीच्या सामन्यात एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक असतात. पंच मैदानाच्या दोन बाजूंना उभे राहून निर्णय देतात. सरपंच साऱ्यांवर लक्ष ठेवतो. गैरवर्तनासाठी हिरवे कार्ड म्हणजे ताकीद, पिवळे कार्ड म्हणजे दोन मिनिटे बाहेर आणि लाल कार्ड म्हणजे सामन्यातून रजा. दुखापत झाली तर खेळ आणि घड्याळ दोन्ही थांबवण्याचा अधिकार सरपंचाला आहे. प्रेक्षकांना यातला गुण देणारा हात तेवढा दिसतो. पण चांगला सरपंच सामन्याआधी अर्धा तास येतो, अनवाणी मैदानावरून चालतो, पायाला टोचलेला खडा उचलून बाहेर टाकतो, मुलांना रांगेत उभे करून त्यांचे हात उलटे-पालटे करून बघतो. हे काम कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदले जात नाही.

आता एक प्रसंग सांगतो. गाव आणि आयोजक यांची नावे येथे नकोत. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या मुलांचा संघ एका स्पर्धेत अंतिम सामना खेळत होता. उत्तरार्धाची सात-आठ मिनिटे राहिली होती आणि आम्ही एका गुणाने पुढे होतो. आमच्या डाव्या कोपरारक्षकाने घोट्याची पकड टाकली आणि चढाई करणाऱ्याचा गुडघा त्याच्या कपाळाच्या बाजूला आदळला. पकड यशस्वी झाली. गुण आमचा. मुलगा उठला, अंगावरची माती झटकली आणि हसलाही. रक्त नाही, सूज नाही. शेजारच्या गड्याला त्याने विचारले, ‘किती झाले?’ त्याने गुणसंख्या सांगितली. जागेवर जाऊन उभा राहिल्यावर त्याने पुन्हा तेच विचारले.

सरपंच दुसऱ्या तालुक्यातले एक शिक्षक होते. आमची त्यांची ओळख नव्हती. दुसऱ्यांदा आलेला तो प्रश्न त्यांच्या कानावर पडला असावा. त्यांनी शिट्टी वाजवली, घड्याळ थांबवले, मुलाजवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारले, ‘बाळा, सकाळचा सामना कोणाशी होता?’ मुलाला आठवेना. ‘आज वार कोणता?’ तोही सांगता येईना. सरपंचांनी आमच्याकडे वळून शांतपणे सांगितले, ‘सर, हा आज खेळणार नाही. बदली खेळाडू द्या.’ आम्ही बदली खेळाडू दिला. प्रेक्षकांत बसलेल्या आमच्याच बाजूच्या मोठ्या माणसांनी आरडाओरडा केला. मुलगा रडत म्हणत होता, ‘मला काही झाले नाही.’ सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. मैदानावर ना डॉक्टर होता, ना वाहन. एका पालकाच्या जीपमधून मुलाला दवाखान्यात नेले. वाटेत त्याला दोनदा उलटी झाली. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतले आणि पुढे काही आठवडे धावणेही बंद ठेवायला सांगितले. मुलगा पूर्ण बरा झाला.

डोक्याला मार लागल्यावर शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मेंदूला हादरा बसलेला माणूस उभा राहतो, बोलतो, खेळतोही. तोच प्रश्न पुन्हा विचारणे, तोल जाणे, डोके ठणकणे, मळमळणे, उजेड नकोसा होणे, या त्याच्या खुणा. हा हादरा ओसरण्याआधी दुसरा मार बसला तर तो जिवावर बेतू शकतो, आणि वाढत्या वयात हा धोका अधिक. म्हणूनच शंका आली की त्या दिवशी खेळ बंद, असे वैद्यक सांगते.

त्या रात्री वसतिगृहात जेवणे झाल्यावर मुले आमच्याभोवती बसली. त्यांचा राग अजून निवला नव्हता. एका चौकस मुलाने नियमपुस्तिकाच आणली होती. त्याने विचारले, ‘सर, त्यांनी कोणता नियम लावला? फाउल नव्हता. रक्त नव्हते. वेळ तर आपण मागितलीच नव्हती. मग आपला गडी बाहेर का?’ प्रश्न रास्त होता. दुखापत झाली तर खेळ थांबवावा हे पुस्तिकेत आहे. पण जो मुलगा ‘मला काही झालेले नाही’ म्हणून उभा आहे त्याच्याबाबत काय करावे, हे त्या पानावर लिहिलेले नव्हते.

आम्ही त्यांना बाबासाहेबांच्या विचाराकडे नेले. नियम आणि तत्त्व यांतला भेद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या भाषणात मांडला आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या धम्मग्रंथात अहिंसेच्या संदर्भात पुन्हा मांडला. नियम काय करावे ते नेमके सांगतो. तत्त्व विचार कसा करावा ते सांगते आणि कृतीची जबाबदारी माणसावर टाकते. बुद्धांनी अहिंसा ही नियम म्हणून सांगितली नाही, तत्त्व म्हणून सांगितली, असे बाबासाहेबांचे विवेचन आहे. आम्ही मुलांना म्हणालो, नखे कापण्याचा नियम, कार्डांचा नियम, वजनाचा नियम ही पुस्तिकेची पाने आहेत. त्या पानांच्या मागे एकच तत्त्व उभे आहे : समोरच्या माणसाचे शरीर हे खेळाचे साधन आहे, खेळाची किंमत नव्हे. पान संपले तेथे सरपंचांनी तत्त्व वापरले. ज्याला फक्त पाने पाठ आहेत तो गुण देऊ शकतो. माणूस वाचवण्यासाठी पानांपलीकडचे काही लागते.

मुलांना हे त्या रात्री पूर्णपणे पटले असे आम्ही म्हणणार नाही. हरलेल्या संघाला तत्त्वज्ञान उशिरा पचते. परंतु त्या चर्चेतून पुढे आमच्या शाळेत जे घडले ते लिहिण्याजोगे आहे.

शाळेत अधूनमधून धम्मदेसनेसाठी येणाऱ्या भंतेजींपुढे मुलांनी हाच प्रश्न ठेवला. भंतेजींनी त्यांना विनयाची गोष्ट सांगितली. भिक्षुसंघाचे नियम बुद्धांनी एका दिवशी बसून लिहिलेले नाहीत. पाली परंपरेत भिक्षूंचे २२७ नियम आहेत, आणि विनयपिटकात त्यांच्यामागे कोणता तरी प्रसंग सांगितलेला आहे. काही घडले, कोणाला त्रास झाला, कोणी गाऱ्हाणे आणले, मग विचार झाला आणि नियम झाला. ज्याच्या कृतीमुळे तो नियम करावा लागला, त्या पहिल्या माणसाला मात्र दोष लागत नाही, कारण त्याने केले तेव्हा नियमच नव्हता. राहुलाला प्रव्रज्या दिली गेली तेव्हा शुद्धोदनाला झालेले दुःख सर्वांना माहीत आहे. आधी मुलगा गेला, मग नातू. त्या वृद्धाने बुद्धांना विनंती केली की, यापुढे आईवडिलांच्या अनुमतीवाचून कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये. बुद्धांनी ते मान्य केले आणि तसा नियम घालून दिला. म्हणजे संघाचा एक नियम एका घरातल्या वेदनेतून जन्माला आला. हे नियम एकदा करून पेटीत ठेवले गेले नाहीत. दर पंधरवड्याच्या उपोसथाला भिक्षू एकत्र बसून त्यांचे पठण करीत आणि आजही करतात.

भंतेजींची ही गोष्ट ऐकताना आमच्या मनात खेळाच्या जगातले दाखले उभे राहत होते. १९६२ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर बार्बाडोस येथे भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू आदळला आणि त्यांच्या कवटीला तडा गेला. शस्त्रक्रिया होऊन ते वाचले, पण पुन्हा कसोटी सामना खेळले नाहीत. त्या काळी फलंदाज हेल्मेट घालत नसत. पुढे हेल्मेट आले, रुळले. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फिलिप ह्यूजचा मानेवर चेंडू लागून मृत्यू झाला. डोक्याला हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी पूर्ण अधिकार असलेला बदली खेळाडू देण्याचा नियम आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २०१९ साली आला. कॉन्ट्रॅक्टर यांच्या दुखापतीपासून त्या नियमापर्यंत ५७ वर्षे गेली. क्रिकेटसारख्या श्रीमंत खेळाची ही गती, तर मातीतल्या खेळाने किती सावध असायला हवे!

दुसरा दाखला आमच्या मुलांना अद्भुत वाटला. अमेरिकेतल्या महाविद्यालयांत बर्फावरची हॉकी खेळतात. पायांत धारदार पात्यांचे बूट, हातांत काठी, भोवती लाकडी भिंतीसारखे कठडे, आणि वेग असा की धडक बसली तर माणूस कठड्यावर आपटतो. तेथे महाविद्यालयीन खेळाडूंना पूर्ण चेहरा झाकणारे शिरस्त्राण सक्तीचे आहे. व्यावसायिक खेळाडूंना तेवढी सक्ती नाही. पण एवढे चिलखत अंगावर चढवूनही त्यांना नियम करावेच लागले. पाठीमागून धडक देणे, डोक्याला लक्ष्य करणे यांसाठी मोठी शिक्षा आहे. संघाला पाच मिनिटे एक गडी कमी घेऊन खेळावे लागते आणि दोषी खेळाडूला अनेकदा सामनाच सोडावा लागतो. मेंदूला हादरा बसल्याचे निदान झालेल्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा उतरता येत नाही. यातून मुलांनी स्वतःच एक निष्कर्ष काढला. एक मुलगी म्हणाली, ‘म्हणजे सर, हेल्मेट घातले की माणूस दुसऱ्याला जपेलच असे नाही.’ चिलखत आपल्याला जपते. दुसऱ्याला जपायला संयम लागतो आणि तो अंगावर चढवता येत नाही. आमच्या कबड्डीत तर चिलखत नाहीच. उघडे गुडघे आणि उघडी डोकी. म्हणजे आमच्याकडे फक्त नियम, पंच आणि संयम एवढीच साधने आहेत.

त्यानंतरच्या पौर्णिमेला, वंदना झाल्यावर, मुलामुलींची सभा बसली आणि त्यांनी आपल्या मैदानाचे नियम स्वतः केले. आम्ही केवळ लिहून घेतले. ते असे : सरावाआधी पाळीची तुकडी मैदान शिंपील आणि खडे वेचील. कडे, अंगठी, साखळी, कानातले उतरवून वर्गशिक्षकांच्या डब्यात ठेवावे. डोक्याला मार लागलेला गडी त्या दिवशी खेळणार नाही, मग तो काहीही म्हणो. मार लागलेला जो पाहील त्याने सांगावे. सांगणाऱ्याला चुगलखोर म्हणू नये. मान दुखते म्हणणाऱ्याला हाताला धरून उठवू नये, मोठ्या माणसाला बोलवावे. वजन बसावे म्हणून कोणीही उपाशी किंवा तहानलेला राहू नये. वजन जास्त भरले तर वरच्या गटात खेळावे.

शेवटचा नियम मोठ्यांनी वाचावा असा आहे. लहान गटातल्या मुलांच्या रक्षणासाठी वजनाची मर्यादा आली आणि मुले त्या मर्यादेत बसण्यासाठी आदल्या रात्री जेवेनाशी झाली, पाणी पिईनाशी झाली. मग तीच अशक्त मुले भर उन्हात मैदानावर उतरू लागली. नियमातून तत्त्व निसटले की असे होते. हे आमच्या आधी मुलांनीच ओळखले होते, कारण उपाशी राहणारी तीच होती.

दागिन्यांच्या नियमावर थोडा वाद झाला. परित्राणपाठाच्या वेळी मनगटावर बांधलेला पांढरा धागा काढायचा की नाही? काही मुलांना तो काढवेना. भंतेजी हसून म्हणाले, धागा मनगटावर असो वा नसो, रक्षण शीलाने होते. शेवटी असे ठरले की धागा घट्ट आणि आखूड असेल तर राहू द्यावा, लोंबत असेल तर काढून उशाखाली ठेवावा. पंचाने तरीही काढ म्हटले तर वाद न घालता काढावा. अशा लहान वादांतून मुलांना निर्णय घेणे समजते.

हे नियम आता दर पौर्णिमेला सभेत वाचले जातात. प्रत्येक नियमानंतर वाचणारा थांबतो. गेल्या महिन्यात तो मोडला असेल तर ज्याचा त्याने उठून सांगायचे. शिक्षा नसते. बहुतेक वेळा सभा शांत असते. कधी एखादा उठतो आणि म्हणतो, ‘नखे कापली नव्हती, अमक्याला ओरखडा आला.’ अमका खाली बसल्या बसल्या मान डोलावतो. पुढचा नियम वाचला जातो.

राहुलाच्या गोष्टीतून आलेला एक नियम मात्र शाळेने स्वतःसाठी केला. मुलाला स्पर्धेच्या संघात घेण्यापूर्वी आईवडिलांची अनुमती घ्यायची, तीही ऊसतोडीला जाण्याआधी आणि समक्ष. केवळ कागदावर अंगठा पुरेसा धरायचा नाही. कोणता खेळ, त्यात काय लागू शकते, लागले तर कोठे नेऊ, कोणत्या नंबरावर कळवू, हे त्यांच्या भाषेत सांगायचे. एकदा एका मुलाचा अंगठा पकडीत मुरगळला, म्हणून आम्ही त्याच्या आईला फोन केला. ती बारडोलीकडे उसाच्या फडात होती. मागे मोळ्या बांधण्याचा आवाज येत होता. तिने काही विचारण्याआधी आम्ही सगळे सांगून टाकले. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग एवढेच म्हणाली, ‘मना पोऱ्या बरा शे ना?’ सामना कोण जिंकले हे तिने विचारले नाही. आम्हांला वाटते, प्रत्येक पंचाने सामन्याला उभे राहताना हे वाक्य मनात ठेवावे. मैदानावरच्या प्रत्येक मुलामागे असे विचारणारे कोणी तरी कोठे तरी असते, प्रतिस्पर्धी संघातल्या मुलामागेही.

या साऱ्यावर एक आक्षेप येतो आणि तो आम्ही हलका मानत नाही. काही माजी विद्यार्थी म्हणतात, ‘सर, तुम्ही खेळ मऊ करता. आमच्या वेळी फुटलेल्या गुडघ्याने आम्ही खेळलो, म्हणून पुढे गेलो.’ त्यामागे एक कठोर सत्य आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ज्याच्या घरी शेत नाही, ओळख नाही, शिकवणीला पैसा नाही, त्याच्यासाठी स्पर्धेचे प्रमाणपत्र म्हणजे वर चढायची शिडी आहे. तो मुलगा दुखरा खांदा लपवील, चक्कर लपवील, ‘काही झाले नाही’ म्हणेल. त्याला दोष कसा द्यावा? पण म्हणूनच तो निर्णय त्याच्या एकट्याच्या हाती ठेवता येत नाही. ज्याच्यापाशी गमावण्यासारखे सर्वांत जास्त आहे, तोच सर्वांत कमी कुरकुर करतो. त्याचा देह हीच त्याची शेती आणि तीच त्याची ठेव. त्याच देहाने त्याला पुढची चाळीस वर्षे राबायचे आहे. शिडीवरून पडून हात मोडला तर शिडी कितीही उंच असून काय उपयोग? खेळ कणखर असावा, पकड घट्ट असावी, चढाई निर्भय असावी. त्या निर्भयपणाला आधार हवा म्हणूनच नियम आहेत. समोरचा गडी तोंड दाबणार नाही, कात्री घालणार नाही, आणि घातलीच तर शिट्टी वाजेल, ही खात्री असेल तरच मुलगा निदान रेषेच्या पुढे मनापासून जातो.

आमच्या शाळेत आता आठवीपासून प्रत्येक मुलामुलीला वर्षातून काही सामने पंच म्हणून उभे राहावे लागते. सुरुवातीला हे काम शिक्षेसारखे वाटते. आपल्याच मित्राला बाद ठरवायचे आणि रात्री त्याच्याच शेजारच्या अंथरुणावर झोपायचे, हे सोपे नाही. परंतु एक गोष्ट आम्ही सातत्याने पाहिली आहे : जो पंच म्हणून उभा राहिला, तो पुढे खेळाडू म्हणून वेगळा खेळतो. रेषेवरून त्याने पकड पाहिलेली असते. कोणता गुडघा कोठे जातो, कोणाचे डोके केव्हा उघडे पडते, हे त्याला दिसू लागलेले असते. मुलींच्या खो-खो संघातली एक धावपटू पंचगिरी करून आल्यावर म्हणाली होती की, आता तिला खांबाकडे झेपावताना पलीकडची मुलगीही दिसते. पलीकडची मुलगीही दिसणे, एवढेच आम्हांला शिकवायचे होते.

या स्मरणिकेच्या निमित्ताने दूरदूरचे माजी विद्यार्थी, देणगीदार आणि परिसरातील स्पर्धांचे आयोजक यांच्यापर्यंत हे पान जाईल. देणगी देताना आपण बहुधा ढाल देतो, चषक देतो, जर्सी देतो. त्याऐवजी किंवा त्याबरोबर काही वेगळे द्यावे, अशी आमची विनंती आहे. खांबाच्या माथ्यासाठी रबराची चकती. एक स्ट्रेचर. प्रथमोपचाराची भरलेली पेटी आणि ती दरवर्षी पुन्हा भरण्याची जबाबदारी. स्पर्धेच्या दिवशी मैदानाजवळ उभी राहील अशी एक जीप, चालकासह. आणि आयोजकांनी आमंत्रणपत्रिकेत प्रमुख पाहुण्यांच्या नावांखाली त्या दिवशी हजर राहणाऱ्या डॉक्टरांचेही नाव छापावे. ज्या स्पर्धेत ते नाव नसेल, तेथे आमचा संघ यापुढे जाणार नाही, असे शाळा समितीने मागील वर्षी ठरवले आहे. या निर्णयामुळे एक-दोन स्पर्धा हुकल्या, मुले हिरमुसली. तरीही निर्णय कायम आहे.

येत्या पावसाळ्यानंतर नवी तुकडी मैदानावर उतरेल. तिच्यातल्या कोणाला चषक मिळतील, कोणाला मिळणार नाहीत. पहिल्या दिवशी त्यांना चेंडू, बूट किंवा जर्सी देण्याआधी आम्ही एक नखे कापायचे यंत्र आणि एक शिट्टी दाखवतो, आणि विचारतो की या दोन्ही वस्तू कोणासाठी आहेत. बहुतेक मुले म्हणतात, पंचासाठी. वर्षअखेरीस आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारतो. तेव्हाची उत्तरे वेगळी असतात, आणि ती आम्ही एका वहीत लिहून ठेवत आहोत.